रफूवालीला हवी असलेली खूण

लाँड्रीच्या दर्शनी खिडकीत, काचेला लागून, दीड हात रुंदीचं एक टेबल आहे. त्याच्यावर दिवा, भिंग, सुयांची डबी आणि समोर बसलेली रफूवाली. लाँड्री दुसऱ्याची, खिडकी तिची. कोटाला उंदराने पाडलेलं भोक, शालीला खिळ्याने पडलेली फट, पँटवर सिगारेटच्या ठिणगीचा डाग, असलं काही घेऊन लोक येतात आणि चार दिवसांनी घेऊन जातात. घेऊन जाताना ते कापड उजेडात धरून फाटलं कुठे होतं ते शोधतात. सापडलं नाही की खूश होतात. सापडलं तर परत देतात. वीस वर्षांत परत आलेले कपडे तिला बोटांवर मोजता येतील.

सोमवारी संध्याकाळी तिचा चुलत दीर दुकानात आला तेव्हा तिला वाटलं, त्याचंच काही फाटलं असेल. तो बराच वेळ टांगलेल्या कपड्यांकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, वहिनी, दादा परत यायचं म्हणतोय.

दादा म्हणजे तिचा नवरा. ट्रकवर होता. नऊ वर्षांपूर्वी आठ दिवसांच्या फेरीवर गेला आणि महिन्याने कुठूनतरी फोन करून म्हणाला, मी आता तिकडे येत नाही. भांडण नाही, तंटा नाही. त्याआधीही दोनदा असाच गेला होता, पण ते दोन-तीन महिन्यांचं प्रकरण होतं. आपला आपण परत आला होता. तिसऱ्यांदा मात्र जो गेला तो गेलाच. आता त्याची पाठ कामातून गेली होती, ट्रक सुटला होता आणि जिच्याकडे राहत होता तिने, दिराच्या शब्दांत, "आवरतं घेतलं" होतं. रविवारी दुपारी तो येणार होता. पण वहिनी नको म्हणाली तर येणार नाही, असंही त्यानेच सांगून पाठवलं होतं. शनिवारी दुपारपर्यंत कळवा, म्हणून दीर निघाला. जाताना एवढं म्हणाला, काकूचं वय झालंय, ते बघा.

काकू म्हणजे रफूवालीची सासू. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मुलगा गेल्यापासून या दोघी दोन खोल्यांत एकत्र राहतात. मूलबाळ नाही. अशी सासू-सून लोकांना कोड्यात टाकते. कोणी रफूवालीचं कौतुक करतं, कोणी तिला वेडी ठरवतं. ती दोघांनाही एकच उत्तर देते, जाणार कुठे होते.

त्या संध्याकाळी ती घरी आली आणि सासूला काही बोलली नाही. म्हातारीला सांगितलं तर ती रडेल, हातापाया पडेल, आणि मग प्रश्न मिटलाच. तिला प्रश्न असा मिटायला नको होता. तो तिला देवाकडून सोडवून हवा होता.

इथे सांगायला हवं की रफूवाली देवभोळी नाही. ती फार काही करत नाही, कुठे जात नाही. पण लहानपणापासून तिला एक सवय आहे: अडलं की देवाला खूण मागायची. आणि ती आपल्या अटींवर मागायची. चौकात पोचेपर्यंत सिग्नल हिरवा झाला तर परीक्षा चांगली जाणार. पायऱ्या सम निघाल्या तर आई बरी होणार. वय वाढलं तसे प्रश्न मोठे झाले, सवय तेवढीच राहिली.

मंगळवारी सकाळी शटर अर्धं वर असतानाच तिने मनात ठरवलं: पहिलं गिऱ्हाईक बाई आली तर त्याला येऊ द्यायचं, पुरुष आला तर नाही. पावणेदहाला एक नवरा-बायको जोडीने आली. कोट नवऱ्याचा, बोलणं सगळं बायकोचं. रफूवालीने कोटाच्या फाटलेल्या जागेभोवती लाल दोऱ्याचा धावता टाका घातला, म्हणजे काम करताना जागा शोधत बसावी लागत नाही, आणि पावती फाडली. देव चेष्टा करतोय की काय असं तिच्या मनात येऊन गेलं.

दुपारी तिने अट सोपी केली. पाच वाजेपर्यंत काळं कापड आलं तर हो. पाच वाजेपर्यंत एकही कपडा आला नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी काळी पँट आली. घड्याळ पुढे आहे का, असं तिने लाँड्रीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, आहे थोडं. किती? तो म्हणाला, असेल आठ-दहा मिनिटं. ती त्याच्याकडे असं बघत राहिली की त्याने इस्त्री बाजूला ठेवली.

लाँड्रीवाला साठीचा, जाडगेला, दोन बोटं भाजलेली. गेल्या अकरा वर्षांत त्याने रफूवालीला कधी घरचं विचारलं नव्हतं. पण सोमवारी दीर आला तेव्हा तो चार हातांवर उभा होता आणि त्याचे कान शाबूत होते. बुधवारी दुपारी त्याने सरळ विचारलं, किती वेळा विचारून झालं?

"कोणाला?"

"ज्याला विचारतेस त्याला. काल दिवसभर ओठ हलत होते तुझे."

तिने लपवलं नाही. बुधवार दुपारपर्यंत सहा वेळा विचारून झालं होतं. तीनदा हो आलं होतं, दोनदा नाही, एकदा काहीच नाही. लाँड्रीवाला म्हणाला, त्याला दुसरीही कामं असतील, थोडा दम खाऊ दे. ती हसली नाही. दिवसभर तिचा पाय टेबलाखाली हलत होता, तो भिंगाच्या दांड्यापर्यंत जाणवायचा. एका शालीचे उभे धागे उचलताना तिने दोनदा चुकीचा धागा धरला. तिच्या हातून हे होत नाही. तिने सुई डबीत ठेवली, बाहेर जाऊन चहा प्याली, परत आली, पुन्हा सुई काढली, पुन्हा ठेवली.

बुधवारी घरी तिने भाजी करपवली. सासू काही बोलली नाही, करपलेलं तेवढं बाजूला काढून जेवली. म्हातारीचं हे गप्प बसणं रफूवालीला जास्त लागत होतं. एरवी मीठ कमी पडलं तर वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशी बोलणारी बाई.

गुरुवारी तिने हात आखडता घेणं सोडलं आणि मोठी खूण मागायची ठरवली. नवऱ्याचा एक तपकिरी कोट पलंगाखालच्या पेटीत होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने बाहीवर सिगारेटने भोक पाडलं होतं आणि तिने ते भरलं होतं. तेव्हा ती नुकतीच काम शिकली होती. ती पहिलीच रफू, जी उजेडात धरूनही सापडली नव्हती. नवऱ्याने कोट शेजाऱ्यांना दाखवला होता, पैज लावली होती. आता तिने देवाशी असं ठरवलं: रफू टिकली असेल तर त्याला येऊ द्यायचं, धागे सुटले असतील तर नाही. यात पळवाट नव्हती. कपडा खोटं बोलत नाही, निदान तिच्याशी तरी नाही.

कोट पिशवीत घालून ती दुकानात आली, खिडकीच्या उजेडात पसरला आणि बाही हातात घेतली. रफू सापडेना.

आधी तिला वाटलं, उजवी नसेल, डावी असेल. डावी पाहिली. मग दोन्ही उलट्या केल्या. भिंग घेतलं, दिवा जवळ ओढला, कापडावरून बोटाचं टोक फिरवलं. भरलेली जागा बोटाला किंचित दाट लागते, डोळ्याला दिसली नाही तरी. काही लागलं नाही. खुणेचा लाल दोरा ती काम झाल्यावर काढून टाकते, सगळेच काढतात. कोणती बाही, कोपरापासून किती वर, हे तिने कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. पाऊण तास गेला. दोन गिऱ्हाइकं लाँड्रीवाल्याने परस्पर वाटेला लावली. शेवटी तिला अशी शंका आली की भोक पडलंच नव्हतं. पैज, शेजारी, सगळं आपणच मनाने रचलं. नऊ वर्षं एकटं राहिलेल्या माणसाचं काय सांगावं.

मग तिला सुचलं, आणि हे तिच्याच धंद्यातल्या माणसाला सुचावं. रफूला लागणारा धागा त्याच कपड्याचा असावा लागतो. तो आतल्या शिवणीत मुडपलेल्या जास्तीच्या कापडातून, शिंपी ज्याला माया म्हणतात त्यातून, ओढून काढतात. म्हणजे भोक भरलं असेल तर आत कुठेतरी कापड तेवढं कमी असायला हवं. तिने अस्तराची कड उसवली. डाव्या बाहीच्या शिवणीत दोन बोटं लांबीची पट्टी विरळ होती. धागे काढलेले स्पष्ट दिसत होते.

म्हणजे भोक होतं. म्हणजे भरलं होतं. आणि इतकं टिकलं होतं की भरणारीलाच मिळत नव्हतं. अटीप्रमाणे उत्तर आलं होतं, हो. यापेक्षा साफ उत्तर तिला उभ्या जन्मात मिळालं नसतं.

तिने कोट घडी न करताच पिशवीत कोंबला. लाँड्रीवाल्याने विचारलं, मिळालं?

"मिळालं."

"मग?"

"उद्या अजून एकदा बघते."

लाँड्रीवाला इस्त्रीवर पाणी शिंपडत म्हणाला, "आपली गिऱ्हाइकं करतात तसं झालं हे. सगळे रंग दाखवा म्हणायचं, आणि घ्यायचा रंग घरूनच ठरवून यायचं."

ती त्याच्यावर चिडली. पिशवी उचलून तशीच बाहेर पडली. बसथांब्यावर उभी असताना तिच्या लक्षात आलं की उत्तर 'नाही' असं आलं असतं तरीही तिने दुसरी मागितलीच असती. मग तिला नक्की काय हवं होतं? ते तिला कळत नव्हतं, आणि बस येईना.

शुक्रवार उजाडला. तिच्याकडे एक दिवस उरला होता.

सासूची एक सवय होती, तीही सांगायला हवी. संध्याकाळचं जेवण झालं की म्हातारी भिंतीला टेकून डोळे मिटायची आणि देवाने आपल्यासाठी काय काय केलं ते मोठ्याने, एकेक बोट दुमडत म्हणायची. मागणं काही नसायचं. नुसती उजळणी. लहानपणी ताप आला होता, त्यातून उठवलं. पाणी भरायला गेले होते तेव्हा मागे भिंत पडली. गिरणीला आग लागली, आमचे मालक त्यातून चालत घरी आले. दोन मुलं गेल्यावर एक जगलं. असं करत करत डोळ्याच्या ऑपरेशनपर्यंत. अकरा गोष्टी, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या शब्दांत. कोणी पाढे म्हणावेत तसं. रफूवाली त्या वेळात भांडी घासून घ्यायची. नळ आणि सासू एकदमच चालू व्हायचे आणि साधारण एकदमच बंद व्हायचे. नऊ वर्षं ऐकलं म्हणजे काहीच ऐकलं नव्हतं.

शुक्रवारी तिने नळ सोडला नाही. तिला शेवटची खूण इथे मिळवायची होती. आज म्हातारी एखादी गोष्ट विसरली तर नाही, अकराही आल्या तर हो. चोरून कान द्यावा तशी ती ओट्याशी, फडकं हातात घेऊन, पाठमोरी उभी राहिली आणि मोजू लागली. ताप, एक. भिंत, दोन. आग, तीन. मुलगा, चार. सासूचा आवाज मुलावर थांबला नाही, लांबला नाही, भिंतीवरून जसा गेला तसाच पुढे गेला. पाच, सहा, सात.

आठवं बोट दुमडत म्हातारी म्हणाली, "सून बॅग भरून दारात उभी होती. मी डोळे मिटून पडले होते. तिला परत आत आणलंस."

रफूवालीचं मोजणं तिथेच तुटलं.

नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याचा फोन आला, त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. ती गोष्ट ती साफ विसरली होती, किंवा विसरले असं स्वतःला सांगून बसली होती. तिने खरंच बॅग भरली होती. भावाकडे जायचं होतं. म्हणजे जायला जागा होती. जाणार कुठे होते, हे ती नंतर म्हणायला लागली. म्हातारीला अंगात कणकण होती म्हणून जाण्याआधी तिने तिच्यापुरतं दूध गॅसवर ठेवलं होतं. बॅग घेऊन दारापर्यंत गेली, कडी काढली, आणि आत दूध उतू जाण्याचा फस्स आवाज झाला. ती गॅस बंद करायला परत आली. गॅस बंद केला, ओटा पुसला, उरलेलं दूध पेल्यात ओतलं, ते म्हातारीला नेऊन दिलं. मग साडेदहा वाजले होते म्हणून भात टाकला. बॅग दुपारी कधीतरी पलंगाखाली गेली.

त्या सकाळी तिने देवाला काही विचारलं नव्हतं. कुठली अट घातली नव्हती. आणि नवऱ्याचा विचारही तिच्या मनात नव्हता. हे तिला आता, फडकं हातात धरून उभं असताना लख्ख आठवलं. नऊ वर्षं लोकांना आणि स्वतःलाही वाटत होतं की ती त्याची वाट बघत थांबली आहे. ती थांबली होती ती आत पडलेल्या बाईच्या पेलाभर दुधासाठी. त्यात तो नव्हताच.

नऊ, दहा, अकरा म्हणून सासूने डोळे उघडले. रफूवाली वळली आणि म्हणाली, आई, ते रविवारी यायचं म्हणतायत.

"सोमवारीच कळलं मला," सासू म्हणाली. "तुझा दीर आधी इथेच आला होता. तुझ्या दुकानाचा पत्ता मीच दिला."

"आणि चार दिवस तुम्ही बोलला नाहीत?"

"मी आई आहे त्याची. माझं उत्तर काय असणार ते रस्त्यावरचं पोरही सांगेल. तुला ते ऐकवून काय करू?" म्हातारीने पदराने तोंड पुसलं. "घर तू चालवतेस. तू ठरव."

"मी देवाला विचारतेय. तो काही सांगत नाही."

सासू भिंतीपासून जरा पुढे सरकली. मग म्हणाली, "त्याने काय काय केलं ते मला ठाऊक आहे. पुढे काय करायचं ते त्याने मला कधीच सांगितलं नाही. मी विचारायचं सोडून दिलं, तू अजून लहान आहेस." रफूवाली एकावन्न वर्षांची आहे. दोघींपैकी कोणालाही त्यात विनोद दिसला नाही.

पुढचं काम तिला येत होतं. एकाच प्रश्नात दोन प्रश्न शिवलेले होते, म्हणून पाच दिवस उत्तर बसत नव्हतं. म्हातारीने मुलगा बघायचा की नाही, हा एक. नवरा पुन्हा घरात घ्यायचा की नाही, हा दुसरा. तिने ते उसवले. उसवल्यावर एकाचं उत्तर लगेच दिसलं. दुसऱ्याचंही दिसलं, पण ते उच्चारायला शनिवारचे साडेअकरा वाजले.

दिराला तिने दुकानातूनच फोन लावला. म्हणाली, रविवारी या म्हणावं, जेवायला या, दर रविवारी आले तरी चालेल. राहायचं नाही.

दीर गोंधळला. असं अर्धवट कसं, वहिनी, म्हणाला. ती म्हणाली, अर्धवट नाही, येणं वेगळं आणि राहणं वेगळं. तो म्हणाला, अहो, पाठ दुखते त्याची, झोपायचं कुठे त्याने?

"नऊ वर्षं झोपतायतच की कुठेतरी."

मग दीर म्हणाला, सांगतो. फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटलं नाही. जे केलं ते बरोबर की चूक, हे विचारावंसं तिला तीनदा वाटलं. तिन्ही वेळा तिने समोरून कोण येतंय ते बघायला मान वर केली, आणि तिन्ही वेळा मान खाली घालून काम सुरू ठेवलं. लाँड्रीवाला निघताना म्हणाला, उद्या दुकान बंद आहे, पण किल्ली घेऊन जा, इथे येऊन बसावंसं वाटलं तर.

रविवारी तो पावणेदोनला आला. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा तिने ओळखली, पण तो मध्ये दोनदा थांबला, ते नवीन होतं. दार तिनेच उघडलं. तो बारीक झाला होता. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, आणि ती एका दिवसापुरत्या सामानाची नव्हती. दोघांच्या लक्षात ते एकदमच आलं. त्याने पिशवी पायामागे सरकवली. आतून सासूने विचारलं, कोण आहे? तिला पक्कं ठाऊक होतं कोण आहे.

तो वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. वाकताना त्याच्या तोंडून कण्हणं निघालं आणि रफूवालीचा हात आपोआप पुढे झाला. तिने तो चौकटीवर टेकवला.

"बूट आत ठेवू?" त्याने खालूनच विचारलं.

"बाहेरच राहू द्या," ती म्हणाली, "पिशवीही." आणि त्याला आत जायला जागा मिळावी म्हणून ती दारातून बाजूला झाली.